गो-लाइव्हनंतरचं पाणी

मंडळी, आयटीतल्या माणसाला अधूनमधून समाजसेवेचा झटका येतो. मग कुणी आफ्रिकेत विहिरी खणायला निघतो, कुणी 'पाण्यासाठी अ‍ॅप काढू' म्हणतो. ही चर्चा चालते बदलापूर लोकलमध्ये, आणि तिकडे घरी आई बादल्या मांडून नळाकडे बघत असते!

माझं मत स्पष्ट आहे. पाण्यात करिअर करायचं तर समाजसेवा म्हणून नको. इंजिनिअरिंग म्हणून करा, आणि नीट पगार घेऊन करा.

आपल्याच पट्ट्याचं घ्या. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. एमआयडीसीचं बारवी धरणही इथलंच. तरी उल्हासनगर एमआयडीसीकडून पाणी विकत घेतं, अंबरनाथ-बदलापूरची भिस्त मुख्यतः जीवन प्राधिकरणावर, आणि उन्हाळ्यात टँकर आहेतच. 'पाऊस कमी' ही सबब इथे तरी चालायची नाही.

खरी गोम जमिनीखाली आहे. पाणी ठरावीक वेळच सोडलं की बाकी वेळ पाइप रिकामा. दाब गेला की गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी परत सुटलं की आधी हवा धावते, आणि मीटर हवेवरही फिरतो. म्हणून मीटरवर विश्वास नाही, म्हणून बिल भरायची इच्छा नाही, म्हणून दुरुस्तीला पैसा नाही. इन्फायनाइट लूप!

केंद्राने २००८ मध्येच शहरांसाठी मापदंड ठरवले: पुरवठा २४ तास, आणि हिशेबात न येणारं पाणी फार तर २० टक्के. कराडजवळच्या छोट्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाण्याची योजना करून दाखवली. नेटवर्कचं मॉडेल करणारं एपानेट हे अमेरिकी सरकारी सॉफ्टवेअर १९९३ पासून आहे, तेही फुकट.

मग अडतंय कुठे? उद्घाटनाला नारळ फुटतो, देखभालीला कुणी विचारत नाही. गो-लाइव्हचा केक एक दिवसाचा, सपोर्ट वर्षानुवर्षांचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे सपोर्टला टीम असते, तिकीट असतं, शिफ्ट अलाउन्स असतो. पाण्यात? कुठला व्हॉल्व किती आटे फिरवायचा, हे बहुतेक ठिकाणी व्हॉल्वमनच्या डोक्यात. तो रिटायर झाला की डॉक्युमेंटेशन संपलं. आफ्रिकेत तरी वेगळं काय? कितीतरी हातपंप सुट्या भागांअभावी बंद पडलेत.

'पण तिथे पगार किती? आणि राजकारण?' मान्य. म्हणूनच गळती शोधणाऱ्या, दाब मोजणाऱ्या माणसांसाठी कायम पदं आणि बाजारभावाचा पगार हवा, हे मत मागायला येणाऱ्याला सांगा. नगरसेवकाकडे टँकर मागू नका, आपल्या टाकीचा हिशेब मागा: किती पाणी आलं, किती पोचलं?

टँकर मागितला की टँकरच मिळतो.