मासोळीला आधी घर पाहिजे

आमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी काहीतरी समाजोपयोगी करायचं, असा नेम आहे. कधी वृक्षारोपण, कधी दवाखान्यात फळवाटप. एका वर्षी मीच सुचवलं, गावाबाहेरच्या तलावात मत्स्यबीज सोडू या. पर्यावरण झालं, ढिवरांना मदत झाली आणि खोटं कशाला बोलू, पेपरात फोटोही छान आला असता. आमच्याकडे मासोळी विकायला येणाऱ्या मावशींना मी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. डोक्यावरची टोपली उतरवत त्या म्हणाल्या, "सोडा ना बाई. पण तिले राहाले घर कुठी हाय? तळ्यात नुसती बेशरम वाढून हाय."

मैत्रिणींनो, मी बी.ए. झालेली बाई, पण हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागातले मालगुजारी तलाव म्हणजे पूर्वजांची मोठी पुण्याई. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते धानासाठी बांधले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाचं त्यांच्याकडचं लक्ष उडालं. गाळ साचला, बेशरम माजली. उत्पन्न वाढावं म्हणून रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे सोडले गेले. पुढे परदेशी गवत्या, चंदेरा आणि सायप्रिनसही आले. गवत्याचं तर नावच बोलकं आहे. पाण्यातली वनस्पती हेच त्याचं खाणं. आपली मरळ, शिंगी, मांगूर आणि बारीकसारीक मासोळ्या त्याच झाडोऱ्यात वाढतात. मरळ तर गवताआड घरटं करते आणि तांबूस पिलांचा थवा सोबत घेऊन राखण करत फिरते. आडोसाच गेला, तर तिने लेकरं वाढवायची कुठे?

हे जाणून 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'चे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजासोबत काम सुरू केलं. गोंदिया जिल्ह्यात शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर बायकांनी गावोगावच्या बायका त्यात ओढल्या. पद्धत अगदी साधी, पण कंबर मोडणारी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळाचा काही भाग नांगरायचा. मग चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून पावसाळ्यात चिखलात लावायच्या. धान रोवणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. झाडोरा वाढला की स्थानिक मासोळी परतते आणि तिच्यामागे पाखरंही येतात.

विकत आणलेल्या बियाण्याला मी नावं ठेवत नाही. त्यावर अनेकांची चूल पेटते. पण बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं आणि मरळ आपली आपण वाढते. शिवाय बाजारात तिला भाव जास्त. गरिबाच्या घरी रस्सा होतो तो मात्र बारीक मासोळीचाच, हेही विसरून चालणार नाही.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. चिखलात बायका, टोपली घेऊन दारोदार बायका आणि तलावाचा ठेका घेणाऱ्या संस्थेच्या यादीत? बहुतेक पुरुष. मावशींनी सभासद होण्यासाठी अर्ज केला, तर "घरचा माणूस आहे ना सभासद, मग तुम्हाला कशाला?" असं म्हणून तो परत दिला. दोनदा. तलावात काय सोडायचं, गवत्या आणायचा की नाही, हे त्या बैठकीत ठरतं. झाडोरा लावणारीला तिथे बसायलाच जागा नसेल, तर एका ठरावात तिची सगळी मेहनत गवत्याच्या पोटात जाईल. आपल्या बचत गटांतल्या शिकलेल्या बायकांनी निदान एवढं तरी करावं, अर्ज नीट लिहून द्यावा, पोच मागून घ्यावी आणि सोबत जावं.

यंदाच्या वर्धापनदिनाला आम्ही नऊजणी कोयते घेऊन तलावावर गेलो. तासाभरात माझ्या तळहातांना फोड आले. "बाई, कोयता लेखणीवानी नोको धरा," मावशी हसून लोळायच्या बाकी होत्या. दुपारपर्यंत जेमतेम एका खोलीएवढी जागा साफ झाली. फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही.

सोमवारी मावशींचा तिसरा अर्ज घेऊन आम्ही दोघी संस्थेत जाणार आहोत. या वेळी पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलंय.