गाठीला सुई लावण्याआधी

तेलंगणात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या जैनथच्या माणसाला गावातल्या डॉक्टरने मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं की त्याच्यापुढे दोन दिशा असतात. पैनगंगा ओलांडून पांढरकवड्यावरून नागपूर, सुमारे दोनशे किलोमीटर. नाहीतर उलट्या तोंडाने हैदराबाद, तीनशेच्या घरात. त्याआधी वीसेक किलोमीटरवर आदिलाबादचं रिम्स, २००८ पासून सुरू असलेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. कुठेही जाऊन आला तरी माणूस सांगतो, ‘फोटो काढला’. एक्स-रे, सोनोग्राफी, सिटीस्कॅन, एमआरआय, सगळ्यांना आपल्याकडे हा एकच शब्द पुरतो, आणि फोटो निघाला म्हणजे रोग सापडला अशी समजूतही त्याच्यासोबत येते. सीमाभागातल्या आरोग्याची चर्चाही मग यंत्रांच्या संख्येवर येऊन थांबते. यंत्रं हवीतच. पण गाठ नेहमीची नसेल किंवा दुखणं रक्तवाहिनीचं असेल, तेव्हा रोग्याचं बरंवाईट तपासण्यांच्या क्रमावर ठरतं: आधी सुई लागली, की आधी आत पाहिलं गेलं.

मानेतली गाठ घ्या. आपल्या देशात मानेत गाठ आली की पहिला संशय क्षयाचा, आणि तो रास्तच असतो. म्हणून सुई टोचून पेशी तपासायच्या, ही वाटही ठरलेली. पण जबड्याच्या कोनाखाली, जिथे मानेतल्या मोठ्या धमनीला मेंदूकडे आणि चेहऱ्याकडे जाणारे दोन फाटे फुटतात, त्या बेचक्यात क्वचित एक गाठ वाढते. तिला कॅरॉटिड बॉडी ट्यूमर म्हणतात आणि ती रक्ताने गच्च असते. बोटांनी ती आडवी हलते, वरखाली सहसा हलत नाही. अँजिओग्राफीत बेचक्याचे दोन्ही फाटे एकमेकांपासून दूर ढकललेले दिसतात आणि मधली गाठ उजळते. ही खूण दिसली की सुई बाजूला ठेवायची. वयात येणाऱ्या मुलांच्या नाकाचंही तेच. उन्हाळ्यात घोळणा फुटणं इकडे कुणाला नवं नाही. कांदा फोडून हुंगवतात, डोक्यावर पाणी मारतात आणि विसरून जातात. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल आणि तीच नाकपुडी चोंदलेली राहत असेल, तर आत अँजिओफायब्रोमा असू शकतो. ही गाठ कर्करोगाची नसते, पण तिचा तुकडा काढायला गेलं तर रक्त थांबवणं मुश्कील होतं. कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या सिटीस्कॅनमध्ये गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते, आणि निदानाला तुकड्याची गरज सहसा उरत नाही. शस्त्रक्रियेआधी तिला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतूनच बंद करता येतात. जांघेतल्या सुजेची गोष्ट याहून साधी. जखमेनंतर आलेली सूज गळू समजून चिरली जाऊ शकते. पण धमनीला भोक पडून बाजूला साचलेलं रक्तही वरून तसंच दिसतं. डॉप्लर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की पडद्यावर एक वर्तुळ अर्धं लाल, अर्धं निळं होऊन गरगरतं: रक्त एकीकडून आत शिरतंय, दुसरीकडून मागे फिरतंय. हे पाहायला काही मिनिटं लागतात. न पाहता चालवलेली सुरी जिवावर बेतते.

एवढ्या दुर्मीळ आजारांसाठी कशाला आटापिटा, असं कुणी म्हणेल. असे रोगी एका मंडलात वर्षानुवर्षं न येण्याची शक्यता मोठी आहे, हे मान्य. पण रक्तवाहिन्यांना पोखरणारा एक आजार या भागात दुर्मीळ नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोंड-कोलाम वस्त्यांत आणि पलीकडे यवतमाळ-चंद्रपुरात सिकलसेल आहे. आपण त्याला रक्ताचा आजार म्हणून ओळखतो. तो मेंदूच्या धमन्याही अरुंद करतो आणि लहान मुलांना लकवा मारतो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात धावतं, तसं अरुंद धमनीत रक्त धावतं, आणि तो वेग मोजता येतो. मुलाच्या कानशिलावर डॉप्लरचा प्रोब ठेवायचा. ना सुई, ना किरणोत्सर्ग. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक निघाला तर धोका मोठा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशी १३० मुलं होती. नियमित रक्त दिलेल्या ६३ पैकी एकाला पक्षाघात झाला, न दिलेल्या ६७ पैकी ११ जणांना. भारतातला सिकलसेल सरासरीने सौम्य असतो, म्हणून हे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही सरासरी सौम्य असली म्हणून समोरचं मूल सुरक्षित ठरत नाही, आणि कुणाला धोका आहे हे मोजल्याशिवाय कळायचं नाही. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचा भर रक्ततपासणीवर आहे. या भागात तिला डॉप्लरची जोड मिळायला हवी.

दुसरा प्रश्न, पाहणार कोण? दुर्मीळ गाठी ओळखणारा रेडिओलॉजिस्ट प्रत्येक जिल्ह्यात बसवता येणार नाही. पण त्याच्याकडे रोग्याला न्यायची गरजही नसते. सिटीस्कॅनमध्ये शेकडो काप असतात. खाकी पाकिटातल्या फिल्मवर त्यातले मोजकेच छापलेले, तेही ठरावीक उजेडात. ती फिल्म खिडकीसमोर धरून मऊ भाग उजळ करून पाहता येत नाही, की सुटलेला काप मागे जाऊन शोधता येत नाही. पाकीट घेऊन नागपूरला पोचलेल्याला स्कॅन पुन्हा करायला लागला, तर खर्च आणि किरणोत्सर्ग दोन्ही दुप्पट. पूर्ण डिजिटल प्रतिमा पाठवण्याचं प्रमाणित रूप १९९३ पासून जगभर वापरात आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड अवघड रोग्यांवर दूरस्थ सल्लामसलत घडवते. प्रतिमेला राज्याची सीमा अडवत नाही; अडवतं ते दोन्ही बाजूंच्या रुग्णालयांत लेखी करार नसणं.

सर्वात गंभीर आक्षेप कट प्रॅक्टिसचा. कमिशनसाठी नको ते स्कॅन लिहिले जातात, हा लोकांचा राग खरा आहे, आणि ‘आधी प्रतिमा’ हे त्या धंद्याच्याच हातात कोलीत वाटेल. म्हणूनच सरसकट स्कॅनची शिफारस मी करत नाही. मान, जांघ आणि वाढत्या मुलाचं नाक, एवढ्या मोजक्या जागी सुरी-सुईआधी पाहायचं. गाठ ठोके देत असेल तर शरीरावर कुठेही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी गावोगाव नेता येत नाही, असंही म्हटलं जातं. तो कायदा मुलींच्या जिवासाठी आहे, त्याला धक्का लावायचं कारण नाही. बहुतेक आधुनिक सोनोग्राफी यंत्रांत रंगीत डॉप्लर असतोच; हवेत शिकलेले हात, नोंदणी झालेल्या केंद्रातच.

शेवटी चिठ्ठी. जैनथचा रोगी आपलं दुखणं मराठीत सांगतो, दवाखान्यात तेलुगू चालते, रिपोर्ट इंग्रजीत येतो. या प्रवासात रोग्याने सांगितलेलं गळून जातं, आणि स्कॅन वाचणाऱ्याच्या हाती ‘नाकातून रक्त’ एवढंच पोचतं. पाठवणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीत ‘मुलगा, वय चौदा, उजव्याच नाकपुडीतून दोन महिन्यांत पाचव्यांदा’ एवढी ओळ लिहिली, तर वाचणारा गालाच्या मागच्या भिंतीकडे आधी पाहील.