पैसा कुणाच्या खिशातून?

दिवाळीच्या तोंडावर आकाशकंदिलांबरोबर घोषणाही लटकू लागतात. ही योजना, ते अनुदान, अमुक माफ. तिजोरीत भर कोण घालणार, एवढेच तेवढे कुणी बोलत नाही. हे उघड सांगून रोष ओढवून घेणारा एक अर्थमंत्री याच मुलखातला होता.

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म १८७८ सालचा, कुरुंदवाडचा. एम.ए., एलएल.बी. झालेले लठ्ठे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवत; दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीतही ते पुढे होते. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासले गेले आणि संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून तरुण भाऊराव पाटलांवर दडपण आले. भाऊराव बधले नाहीत; त्यांनी कोठडी सोसली. पुढे लठ्ठ्यांनी बेळगावात वकिली केली.

पण मनात अढी धरून बसणारा हा माणूस नव्हता. ज्यांच्या राज्यात हा डाग लागला, त्या शाहू महाराजांचे दोन खंडांतले इंग्रजी चरित्र १९२४ साली लठ्ठ्यांनीच लिहिले. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी सरकारला प्रश्न विचारले होते. आता उत्तरे देण्याची पाळी त्यांची होती.

ब्राह्मणेतर चळवळीतले लठ्ठे पुढे काँग्रेसमध्ये आले. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थखाते आले आणि खरी कसोटी लागली. काँग्रेसला दारूबंदी हवी होती. प्रांताच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मात्र दारूच्या अबकारीतूनच येई. १९३९ च्या अंदाजपत्रकात लठ्ठ्यांनी दारूबंदीने येणारी तूट लपवली नाही. मुंबई आणि अहमदाबादेतल्या इमारतींवर १० टक्क्यांपर्यंत कर बसवला. घरमालक खवळले. दारूचा धंदा आणि घरमालकी या दोन्हींत असलेल्या पारशी समाजाने कडाडून विरोध केला. १ ऑगस्टला मुंबईत दारूबंदी आली. नोव्हेंबरात, महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढल्याच्या निषेधार्थ, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

दारूबंदीचे धोरण बरोबर होते का, यावर आजही दुमत होईल. पण तिची किंमत कोण मोजणार, हे लठ्ठ्यांनी सभागृहात आकड्यांनिशी मांडले होते. फराळाच्या निमित्ताने दारी येणाऱ्या लोकप्रतिनिधीला चकली पुढे करताना वाचकांनी एवढाच प्रश्न जरूर विचारावा.