सोनखत आणि बिनपाण्याचा संडास

मनुष्याच्या मैल्यापासून होणाऱ्या खतास आपल्या शेतकऱ्यांनी ‘सोनखत’ असे नाव दिले. त्याच समाजाने तो मैला वाहणाऱ्या मनुष्यास मात्र अस्पृश्य ठरविले. ही गोष्ट ध्यानी घेतल्यावाचून बिनपाण्याच्या संडासाचा विचार करणे व्यर्थ होय.

आपल्या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयातून आणावे लागते, व अलीकडच्या वर्षांत कित्येक वस्त्यांस नळाची वाट दिवसचे दिवस पाहावी लागली आहे. असे असता टाकी ओढताच सहा ते दहा लिटर स्वच्छ पाणी मैल्यावर ओतावे आणि शेताकरिता युरियाच्या गोण्या विकत आणाव्या, हे कोणते शहाणपण?

इंग्लंडातील हेन्री मूल नामक धर्मोपदेशकाने १८६० साली मातीच्या संडासाचे पेटंट घेतले होते. कोरड्या मातीने मैला झाकावा, म्हणजे दुर्गंधी जाते व पुढे खत होते, हे त्याचे तत्त्व. महाराष्ट्रात या कार्यास अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य वाहिले. रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करण्याचे काम आपणांस मिळावे म्हणून त्यांनी १९३२ साली अन्नसत्याग्रह केला, तेव्हा येरवड्यास गांधीजींनीही उपवास आरंभिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खत देणारे संडास सिद्ध केले. ‘गोपुरी संडास’ हे नाव तेथूनच आले.

रचना अवघड नाही. जमिनीवर दोन पक्के कप्पे बांधावे; एक वापरात, दुसरा बंद. प्रत्येक वेळी मूठभर राख वा कोरडी माती टाकावी. मूत्र वेगळ्या नळीने भांड्यात घ्यावे; पिकास लागणारे नत्र बहुतांशी त्यातच असते, आणि पाणी मिसळून ते झाडांच्या मुळाशी देता येते. आपण पाण्याने स्वच्छता करणारे लोक. म्हणून ते थोडे पाणीही कप्प्यात न जाऊ देता कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. कप्पा ओला झाला की सारा बेत फसला! भरलेला कप्पा आपल्या उष्ण प्रदेशातही वर्षाहून अधिक काळ मिटलेला राहिला पाहिजे, कारण जंतांची अंडी फार चिवट असतात. घाई करणाऱ्याने या वाटेस जाऊ नये. शहरातील मजल्यांच्या चाळींस हा उपाय सोयीचा नाही, हेही खरे. परंतु ज्यांस अंगण व शेत आहे अशा आपल्या विद्यार्थ्यांच्या गावी तो का होऊ नये?

हाताने मैला उचलविण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी मनाई केली, तरी गटारांत उतरून माणसे आजही मरतात. म्हणून आमचे पालकांस सांगणे एवढेच, की असा संडास बांधाल तर तो रिकामा करावयास मजूर बोलावू नका. वर्षानंतर कप्प्यात काळी, वासरहित माती उरते. ती घरधन्याने मुलांस बरोबर घेऊन स्वतःच्या फावड्याने काढावी व आंब्याच्या आळ्यात घालावी.