उतरणीचा दोर

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलासही पाठ असते. परंतु स्वित्झर्लंड व इटली ह्यांच्या सीमेवर एक पर्वत असा आहे कीं, त्याच्यापुढें ही म्हण उलटी करावी लागते. तो दुरून जितका उग्र दिसतो तितकी त्याची वाट दुर्घट नाहीं, हें जवळ जाऊन पाहणारासच कळतें. मॅटरहॉर्न हें त्याचें नांव. उंची ४४७८ मीटर. चार अंगें, चार धारा आणि किंचित् वांकलेला माथा असा हा सुळका भोंवतालच्या बर्फांतून एकटाच वर आलेला आहे. त्याच्या ईशान्येच्या खोऱ्यांत झेरमाट नांवाचें गांव सुमारें १६०० मीटर उंचीवर वसलेलें असून, त्या बाजूस उतरणाऱ्या धारेस हॉर्न्ली म्हणतात. आपले सह्याद्रींत हिंडणारे लोक तिला सोंड म्हणतील. ह्या सोंडेची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

तसें करण्यास कारण आहे. पर्वतारोहणाचें शिक्षण देणाऱ्या संस्था दार्जिलिंग येथें १९५४ सालीं व उत्तरकाशी येथें १९६५ सालीं निघाल्या. ज्या वाटांनीं आपले वाडवडील यात्रेस जात, त्याच वाटांनीं आतां नातवंडें पाठीवर ओझें घेऊन हिमशिखरांकडे जाऊं लागलीं आहेत. मग घरांत दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, “नको रे बाबा!” नात म्हणते, “मी जाणारच.” दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढें असतें तें शिखर, एकास त्याचें भय, दुसऱ्यास त्याची ओढ. आमच्या मतें ह्या वादांत विचार करावयाचा तो उतरणीचा. तो कां, हें पुढील वृत्तान्तावरून ध्यानांत येईल.

एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा एक कारागीर. लांकडी ठशांवर चित्रें कोरणें हा त्याचा धंदा. १८६० सालीं एका प्रकाशकानें त्यास आल्प्स पर्वताचीं चित्रें काढण्यास पाठविलें, तेव्हां तो वीस वर्षांचा होता. चित्रांकरितां गेलेला हा तरुण पर्वतांच्या नादीं लागला. मॅटरहॉर्नच्या माथ्यावर तोंवर मनुष्याचें पाऊल पडलें नव्हतें. तें आपलें पडावें, हाच ध्यास त्याच्या मनानें घेतला. १८६१ पासून तो इटलीच्या बाजूनें पुनः पुनः चढला आणि पुनः पुनः परत फिरला. १८६२ मध्यें एकटाच असतां पाय घसरून तो सुमारें दोनशें फूट गडगडत गेला. दैव बलवत्तर म्हणून वांचला. झेरमाटच्या बाजूनें जाण्याचें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नसे, कारण गांवांतून पाहतां ती बाजू उभ्या भिंतीसारखी दिसते.

येथें व्हिंपरनें जें केलें तें प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ती भिंत त्यानें बाजूनें पाहिली. समोरून पाहिलें असतां उताराचा कोन कळत नाहीं. भूमितीचा हा नियम फळ्यावर शिकविणें सोपें, पर्वतापुढें उभें राहून आठवणें कठीण. बाजूनें पाहतां ती भिंत सरासरी चाळीस अंशांच्या आसपासच कललेली आहे असें त्यास आढळलें. दुसरी गोष्ट खडकाच्या थरांची. इटलीच्या अंगास ते थर बाहेर उतरते आहेत. तेथें चढणें म्हणजे कौलांवरून चढण्यासारखें. झेरमाटच्या अंगास तेच थर आंत कललेले असल्यामुळें त्यांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें पुढें येतात. पर्वत तोच, थर तेच. एका बाजूस पाय निसटतो, दुसऱ्या बाजूस टेकतो.

१८६५ च्या जुलै महिन्यांत ह्या निरीक्षणाची कसोटी लागली. इटलीच्या बाजूचा झां-आंत्वान कारेल हा वाटाड्या त्या पर्वताचा मोठा जाणता होता. तो आपल्या देशबांधवांच्या तुकडीबरोबर निघाल्याचें कळतांच व्हिंपर घाईनें झेरमाटास आला. अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस त्यास येऊन मिळाला होता. झेरमाटास हडसन नांवाचा धर्मोपदेशक व त्याचा एकोणीस वर्षांचा सोबती हॅडो हे भेटले. तेही त्याच शिखरास निघालेले. दोन तुकड्यांची एक झाली. मिशेल क्रो हा कसलेला वाटाड्या आणि पीटर टाउगवाल्डर ह्या एकाच नांवाचे पितापुत्र धरून एकंदर सात जण. हॅडोचा आल्प्समधील तो पहिलाच हंगाम होता. ह्यास हें काम पेलेल काय, असें व्हिंपरनें विचारलें. हडसननें हमी दिली. विषय तेथेंच मिटला.

१३ जुलै रोजीं पहांटे ते निघाले व सुमारें अकरा हजार फुटांवर तंबू ठोकून राहिले. चढण अपेक्षेहून सोपी निघाली. माथ्याजवळ थोडा भाग तेवढा खरोखर अवघड होता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक वाजून चाळीस मिनिटांनीं शिखर आलें. कारेलची तुकडी दुसऱ्या बाजूस बरीच खालीं दिसली. वरच्यांनीं आरोळ्या ठोकल्या, दगड ढकलले. खालचे निराश होऊन परत फिरले. एक तासभर ह्या मंडळींनीं विजयाचें सुख भोगिलें.

मग उतरण लागली. सर्वांत पुढें क्रो, त्याच्यामागें हॅडो, मग हडसन, डग्लस, थोरला टाउगवाल्डर, व्हिंपर आणि शेवटीं धाकटा टाउगवाल्डर. अवघड जागीं खडकास एक दोर बांधून ठेवावा, असें व्हिंपरनें हडसनला सुचविलें होतें. हडसनला तें पटलें. बांधण्याचें मात्र राहून गेलें. ‘पटणें’ आणि ‘करणें’ हीं दोन क्रियापदें व्याकरणांत शेजारीं बसतात, व्यवहारांत त्यांच्यामध्यें केवढी दरी असते हें येथें दिसतें. हॅडोचीं पाउलें नीट टेकत नव्हतीं, म्हणून क्रो त्याचें एकेक पाऊल हातानें धरून खडकावर ठेवीत होता. क्रो पुढें वळला आणि हॅडो घसरून त्याच्या अंगावर कोसळला. त्या दोघांच्या ओढीनें हडसन गेला, मागोमाग डग्लस. वरच्या तिघांनीं पाय रोवले, दोर ताठ झाला आणि थोरल्या टाउगवाल्डरच्या व डग्लसच्या मध्यें तुटला. चौघे जण सुमारें चार हजार फूट खालीं हिमनदीवर पडले. डग्लसचें प्रेत कधींच सांपडलें नाहीं.

त्यांच्याजवळ तीन जातींचे दोर होते. दोन भक्कम, तिसरा बारीक व जुना, वेळप्रसंगीं खडकास बांधून मागें सोडून देण्यापुरता आणलेला. तुटला तो हा तिसरा. वेदान्तांत दोराच्या ठिकाणीं सर्प भासतो आणि भ्रम फिटला कीं भय जातें. येथें दोराच्या ठिकाणीं आधार भासला. तो भ्रम फिटला तेव्हां चार माणसें गेलीं होतीं. पुढें लोकांनीं थोरल्या टाउगवाल्डरवर आळ घेतला कीं, ह्यानेंच दोर कापला. चौकशी होऊन तो निर्दोष ठरला, तरी त्याच्यामागची कुजबूज थांबली नाहीं. त्या दोराचा तुकडा आज झेरमाटच्या संग्रहालयांत ठेवलेला आहे.

त्या दिवसापासून ह्या सोंडेवर रीत बदलत गेली. लूसी वॉकर ही स्त्री १८७१ सालीं माथ्यावर जाऊन आली. पुढें जाणारांची रीघ लागली. आज ३२६० मीटरांवर मुक्कामाची जागा आहे, ४००३ मीटरांवर १९१५ सालीं बांधलेला सॉल्वे नांवाचा निवारा आहे, आणि अवघड जागीं जाड दोर खडकासच कायमचे जखडलेले आहेत. व्हिंपरनें सुचविलेलें आणि राहून गेलेलें तें हेंच. सात जण एका दोरास न बांधतां एका पाहुण्यास एक वाटाड्या असा परिपाठ आहे. चढतांना वाटाड्या पुढें असतो, उतरतांना तो मागें, म्हणजे वरच्या बाजूस राहतो, कीं पाहुण्याचा पाय निसटला तर दोर त्याच्या हातांत असावा. पहांटेच्या अंधारांत निघावयाचें. पाहुणा मंद पडून ठरल्या वेळेस ठरल्या जागीं न पोंचल्यास वाटाड्या त्यास तेथूनच परत फिरवितो. कारण उतरण्यास जवळजवळ चढण्याइतकाच वेळ लागतो, आणि थकवा व असावधपणा हीं दोन्हीं त्याच वेळीं येतात. इतकें असूनही १८६५ पासून पांचशेंहून अधिक माणसें ह्या पर्वतावर दगावलीं आहेत. दीडशें वर्षें झालीं त्या दिवशीं, १४ जुलै २०१५ रोजीं, मृतांच्या स्मरणार्थ तो पर्वत आरोहणास बंद ठेवण्यांत आला होता.

तेव्हां आमची वडील मंडळींस विनंति अशी कीं, मुलांस मज्जाव करूं नये. पर्वत मनुष्यास जें शिकवितो तें वर्गांत शिकवितां येत नाहीं, हें एका जुन्या शिक्षकानें सांगितलें तर कोणास राग येऊं नये. परंतु निरोप देण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. तुमच्यांत सर्वांत कच्चा कोण, आणि उतरतांना त्याच्या वर कोण राहणार? दोर कोणता, व तो कोणीं पारखला आहे? आणि शिखर समोर दिसत असलें तरी किती वाजतां परत फिरणार? ह्या तिन्हींचीं उत्तरें तत्काळ मिळालीं तर खुशाल पाठवावें. मिळालीं नाहींत तर पुढच्या वर्षीं. शाळेंत निकालाच्या दिवशीं पहिला कोण आला हें सर्वच पालक विचारीत. सर्वांत मागें कोण राहिला हें विचारणारा क्वचित् भेटे. पर्वतावर तो दुसरा प्रश्नच आधीं विचारावा लागतो.

आतां कारेलचें काय झालें तें सांगून पुरें करूं. परत फिरलेला कारेल तीनच दिवसांनीं, १७ जुलै १८६५ रोजीं, इटलीच्या बाजूनें माथ्यावर पोंचला. पण पहिलेपणाचा मान गेला तो गेलाच. त्यानंतर पंचवीस वर्षें तो लोकांस वर नेऊन खालीं आणीत राहिला. १८९० च्या ऑगस्टमध्यें, वयाची साठी उलटली असतां, एका पाहुण्यास व एका सोबत्यास घेऊन तो त्याच बाजूस गेला आणि बर्फाच्या वादळांत सांपडला. बर्फानें झांकलेल्या कड्यांवरून त्यानें दोघांस सुखरूप उतरविलें. धोक्याची शेवटची जागा मागें पडली, आणि मग त्या थकलेल्या देहांत कांहींच उरलें नाहीं. पायथ्याशींच त्यानें प्राण सोडला. आपल्या घरचें मूल पर्वतावर पाठवावयाचें झाल्यास दोर कोणाच्या हातीं द्यावा, असें आम्हांस कोणीं विचारल्यास आम्ही ह्या दुसऱ्या आलेल्या म्हाताऱ्याचें नांव सांगूं.