चैत्रातले कोकण आणि कायमचे बिऱ्हाड

निवृत्तीचे वर्ष जवळ आले, की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून एक विषय हमखास निघतो. आयुष्यभर जिने चढलो, लोकलला लोंबकळलो, आता उरलेली वर्षे समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावी जाऊन काढावीत. बहुतेक घरांत हा विषय चहाबरोबर संपतो. आमच्या घरात तो संपला नाही. तीस वर्षे खडू झिजवून गेल्या वर्षी मी शाळेतून मोकळा झालो आणि यंदा शिमग्याच्या शेवटच्या दिवसांपासून गुढीपाडव्यापर्यंत आम्ही उभयता देवगड, मालवण आणि वेंगुर्ले अशी तीन गावे पाहून आलो. हेतू सहलीचा नव्हता. कुठे राहायचे, हे ठरवून परतायचे होते, आणि वेंगुर्ल्यास तर बयाण्याची रक्कम खिशात घेऊनच फिरत होतो.

या दिवसांत तिथे जे दिसते, त्याला खोटे म्हणण्याचे धाडस कोण करील? देवगडच्या कातळावर हापूसच्या बागांत आढी लागू लागलेली असते. काजूच्या बोंडांचा आंबूस वास रस्ताभर सोबत करतो. शिरोडे-आरवली-आसोली या पट्ट्यात पहाटे उठून सुरंगीच्या कळ्या खुडणाऱ्या बायका दिसतात, आणि सकाळी बाजारात त्या वळेसारांचा गंध मासळीच्या वासावर मात करून उरतो. समुद्र निळा, वारा मवाळ. शिमग्यासाठी आलेला चाकरमानी अजून घरात असतो, त्यामुळे ओटीवर माणसे असतात, संध्याकाळी दिवे लागलेले असतात. कोकण वर्षभर जे असते, त्याहून ते या तीन-चार आठवड्यांत अधिक सुखी आणि अधिक भरलेले दिसते. लग्न जमविताना मुलगी सणाच्या दिवशी पाहावी, तसाच हा प्रकार आहे. दोष सणाचा नव्हे, पाहणाऱ्याचा.

वेंगुर्ल्यास ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्या काकींना आमचा बेत सांगितला. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. मुलगे मुंबईत. त्यांनी आमच्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "मास्तरांनू, आता काय, सगळ्यांकाच बरा वाटता. आषाढात येवा. चार दिस लायट नसताना रवलात, तर मगे इचारा." हे बोलणे मला प्रथम जरा लागले. नंतर मात्र आठ दिवस ते पाठ सोडीना.

प्रथम पाण्याचे घेऊ. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे भूगोल शिकविताना मी अनेक वर्षे फळ्यावर लिहिले. परंतु जांभा दगड ते पाणी धरून ठेवीत नाही आणि उतार ते काही तासांत समुद्राला नेऊन घालतो. त्यामुळे आषाढात जिथे अंगण वाहते, तिथेच वैशाखात विहिरीचा तळ दिसतो आणि कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. किनाऱ्यालगतच्या विहिरी जास्त उपसल्या, की त्यांत खारे पाणी शिरते. चैत्रातला पाहुणा या दोन टोकांच्या मधोमध येऊन जातो. त्याला ना पूर दिसतो, ना कोरड.

वादळांचेही तसेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपविल्या; पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून वर गेले. नारळाचे झाड फळायला सात-आठ वर्षे लागतात. साठीच्या माणसाने वाडी घेताना हा हिशेब मनाशी करावा. दवाखान्याविषयी अधिक लिहीत नाही. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, ही समाधानाची बाब खरी. तथापि दुखणे गंभीर झाले, की तळकोकणातला माणूस आजही गोव्यात बांबोळीच्या वाटेला लागतो, हे तिथे कुणीही सांगेल.

परंतु पाणी, वीज, दवाखाना ही सारी गैरसोय झाली, आणि गैरसोय सोसण्याची तयारी करता येते. मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. तिन्ही गावांत आम्ही संध्याकाळी पायी हिंडलो. दर चार-पाच घरांमागे एक कुलूपबंद घर. त्यांत दोन प्रकार होते. एक जुने, कौले सरकलेले, तुळशीवृंदावनात गवत उगवलेले. ज्याचे सातबाऱ्यावरचे हिस्सेदार मुंबईपासून पार परदेशापर्यंत विखुरलेले. दुसरे नवे, रंगीत, फाटकावर इंग्रजी नाव असलेले. हे शहरातल्या कुणीतरी आपल्यासारख्याच स्वप्नाने बांधलेले, आणि वर्षातून पंधरा दिवस उघडणारे. रात्री दोन्ही सारखीच काळोखी दिसतात.

कोकणातून माणूस जाणे ही जुनी कथा आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी हर्णे, जयगड, विजयदुर्ग, मालवण करीत वेंगुर्ल्यापर्यंत येत आणि बंदरात पडावांनी माणसे उतरवीत, त्या काळापासून ही ये-जा चालू आहे. गिरण्या होत्या तोवर मनीऑर्डरीवर चुली पेटल्या. रेल्वे आली की हे थांबेल, असे आपण सारेच म्हणत होतो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली. त्यानंतरच्या दशकात काय झाले? २००१च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. रत्नागिरीचीही घटली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे सोळा टक्क्यांनी वाढला होता. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा नसून पुरुषांच्या गैरहजेरीचा आहे. गाडीने माणसे आणण्यापेक्षा नेलीच अधिक, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अशा गावांना काय हवे आहे? घरे खचित नकोत. घरे पडून आहेत. तिथे माणसांची वाण आहे. देवगडजवळ एका प्राथमिक शाळेत सवयीने डोकावलो. पट हाताच्या बोटांवर मोजावा एवढा, आणि त्यांतली दोन मुले आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची. गुरुजींनी त्यांचे कौतुक केले. मराठी उत्तम बोलतात, म्हणाले. आपण शहरी माणसे कोकणात स्थायिक होण्याच्या गोष्टी बोलत असताना बागांतून आणि होड्यांवरून राबणारी ही माणसे आधीच येऊन राहिली आहेत, आणि त्यांच्या स्थलांतरावर कुणी रविवारच्या पुरवणीत लेख लिहीत नाही.

शिरोड्याचा रस्ता धरला तेव्हा साहजिकच भाऊसाहेब खांडेकरांची आठवण झाली. ते १९२० साली त्या खेड्यात शिक्षक म्हणून आले आणि १९३८पर्यंत राहिले. तेव्हा तिथे ना वीज, ना आजचे रस्ते. पण ते विश्रांतीसाठी आले नव्हते. गावाला शाळा चालवायची होती आणि त्यांना काम हवे होते. गाव आणि माणूस यांच्यात असा काही व्यवहार असला, म्हणजेच तो माणूस तिथला होतो. समुद्राकडे पाहत बसणे हा काही व्यवहार नव्हे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गैर नाही. बाहेरचा माणूस घर बांधतो, तेव्हा गवंड्याला, सुताराला, चिरेखाणीला काम मिळते. मालवणात तर पाहुण्यांच्या राबत्याने कित्येक घरे सावरली. हे मला मान्य आहे. पण बांधकाम दोन वर्षांत संपते. मग ते घर बंद राहते आणि उघडते ते नेमके मे महिन्यात, गावाचे पाणी जेव्हा सर्वांत कमी असते तेव्हा. शिवाय अशा खरेदीने जमिनीचा भाव इतका चढतो, की गावातल्याच शाळामास्तराला वा होडीवाल्याला घरासाठी दोन गुंठे घेणे अवघड व्हावे. वेंगुर्ले नगरपरिषदेने ओला-सुका कचरा घरोघरी वेगळा करवून राज्यात नाव मिळविले, ते रोज घरात असणाऱ्यांच्या हातांनी. वर्षातले पंधरा दिवस येणाऱ्याला त्या शिस्तीत कसे बसविणार?

आमचा दलाल मोठा गोड बोलत होता. समुद्र दिसणारा तुकडा त्याने दाखविला. बिनशेती झालेला नाही, आणि शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, याकडे मी लक्ष वेधले, तर 'करून देऊ' म्हणाला. भरतीरेषेपासूनच्या अंतराचा प्रश्न काढला, तरी तेच उत्तर. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ सालची. त्यानंतर २०११ आणि २०१९ साली नियम बदलले. या माणसाचे उत्तर मात्र कोणत्याच साली बदलले नसावे.

माझे मत असे झाले आहे, की शहरातून येणाऱ्याने आधी निदान एक पूर्ण वर्ष भाड्याने राहावे. पण भाड्याने देणार कोण? जुनी घरे पडतील, तरी मालक कुलूप काढीत नाहीत. कूळकायद्याच्या वेळी बसलेली धास्ती अजून मनातून गेलेली नाही. त्यात हिस्सेदार दहा, आणि एकाची सही नाही म्हणून नऊ अडलेले. येथे नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती पुष्कळ करू शकतील. राहण्याजोग्या बंद घरांची नोंदवही ठेवावी, हिस्सेदारांची संमती मिळवून अकरा महिन्यांच्या लेखी करारावर ती देववावीत, आणि जे घर वर्षात सहा महिनेही उघडत नाही, त्याची घरपट्टी अधिक ठेवण्याची मुभा शासनाकडे मागावी. यास विरोध होईल. त्यातला मोठा भाग पुण्या-मुंबईहूनच होईल, कारण कुलपांच्या किल्ल्या तिथेच आहेत.

बयाण्याची रक्कम आम्ही होती तशी परत आणली. निघताना काकींना विचारले, की मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत माडीवरची खोली द्याल काय. त्या हसल्या. द्यायला त्यांची हरकत नव्हती. पण घर सामाईक, मुंबईच्या दिरांना विचारायला हवे होते. परवा त्यांचा फोन आला. थोरल्यांनी होकार दिला आहे, धाकटे गणपतीला येतील तेव्हा सांगतो म्हणाले आहेत.