विश्वासाचे भांडवल



व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी सहकुटुंब पाहिला असेल. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, परंतु तिचे बीज जुन्या औंध संस्थानात आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे छांदिष्ट राजे. ते स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत. नित्य सूर्यनमस्कार घालीत आणि शाळांतील मुलांकडूनही घालून घेत. बेळगावातील जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली त्यांनी ओसाड माळ दिला. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३९ मध्ये तर त्यांनी राज्यकारभारच प्रजेच्या हाती सोपविला. त्याच सुमारास, मूळच्या पोलिश मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसली. गंभीर गुन्ह्यांचे कैदी तेथे शेती करू लागले. कोंडणारी भिंत मात्र नव्हती.

चित्रपटात सहा खुनी कैदी ओसाड जमीन पिकवितात आणि भाजी रास्त दराने बाजारात विकतात. त्यांना मारहाण होते ती कोणाकडून? नफा बुडालेल्या व्यापाऱ्यांकडून! दिलेल्या शब्दासाठी ते कैदी हात उगारीत नाहीत. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या व्यापारी समाजाला हे दृश्य बोचले पाहिजे. त्या बाजारात आपण कोणत्या बाजूला उभे असतो?

या कथेतील जेलरचे नाव आदिनाथ आहे. भगवान आदिनाथांनी कृषी आणि वाणिज्य शिकविले व पुढे राज्याचा त्याग केला, असे आपली परंपरा सांगते. नामसाम्य योगायोगाचे असेल. बोध मात्र आपला आहे.

पात्रता सिद्ध झाल्यावर विश्वास टाकणे ही व्यवहाराची रीत. औंधच्या राजाने विश्वास आधी टाकला, पात्रता मागाहून येऊ दिली. व्यापारात ही जोखीम खरीच. हिशेब चोख ठेवावाच लागतो. तथापि एकदा चुकलेल्या नोकराला पेढीचे दार कायमचे बंद करण्यापूर्वी, देखरेखीखाली का होईना, पुन्हा काम देता येईल का, एवढा विचार आपण अवश्य करावा. क्षमापनेच्या दिवशी हात जोडणे सोपे असते. त्या क्षमेची कसोटी दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर लागते.